घरी पहिल्यांदाच सजवलेला केक आणि डायपर केक करायचा आहे. नवशिक्याला दोन्ही जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुढच्या महिन्यात भाचीचा पाचवा वाढदिवस आहे, तिचा केक घरी सजवायचाय. त्याच आठवड्यात मैत्रिणीच्या येणाऱ्या बाळासाठी डायपर केकही द्यायचाय, म्हणजे गुंडाळलेले डायपर मजल्यामजल्यानं केकसारखे रचून केलेली भेट. साधा केक बेक करता येतो, पण क्रीमला आजवर हात लावलेला नाही. सुरुवात कुठून करू?

जमेल. फक्त डायपर केक आधी करा आणि खायचा केक नंतर. मी उलटं केलं होतं आणि पस्तावले. डायपर केक वितळत नाही, कोसळला तर पुन्हा रचता येतो आणि तीन संध्याकाळी थोडाथोडा केला तरी चालतो. मजला सरळ कसा उभा राहतो, समोरची बाजू कोणती, सजावट कुठे थांबवायची, हे सगळं तो निवांतपणे शिकवतो. क्रीम हातात असताना हे शिकायला सवड नसते, कारण तोवर ते सैल पडायला लागलेलं असतं.

आधी हिशोब. टेबलावर एक नाणं ठेवा आणि त्याच मापाची नाणी त्याला चिकटवून भोवती मांडा. बरोबर सहा बसतात. त्यांच्याभोवती बारा, मग अठरा. गुंडाळलेल्या डायपरचंही तसंच होतं. वरचा मजला ७, मधला १९, खालचा ३७, एकूण ६३. किचन टॉवेल संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी मधोमध उभी केली, तर प्रत्येक मजल्यातला मधला एक वाचतो, म्हणजे ६०. डायपर दाबले जातात, त्यामुळे एखाद-दुसरा इकडे तिकडे होतो, पण अंदाज चुकत नाही. पहिल्यांदा मी हा हिशोब न करता चाळीसचं एक पाकीट आणलं होतं. खालच्या मजल्यातच ३७ गेले आणि उरलेले तीन हातात धरून मी बसले.

पाकिटातून डायपर दुमडलेला निघतो. त्याची एक बाजू घडीची, गुळगुळीत असते आणि दुसरी कमरेकडची, उघडी. मी उघड्या बाजूनं गुंडाळायला घेते, म्हणजे घडीची बाजू बाहेर येते आणि वळकटी नीटनेटकी दिसते. वळकटी घट्ट हवी. सैल राहिली तर मजला फुगतो आणि खांदे पाडून उभा राहतो. प्रत्येकीला छोटा रबर लावायचा. मग नळीभोवती सहांचा गठ्ठा बांधायचा, त्याच्याभोवती बारा लावून दुसरा मोठा रबर आणि त्याच्याभोवती अठरा लावून तिसरा. एकदम छत्तीस वळकट्या एका रबरात कोंबायला जाऊ नका. दोन हातांचं ते काम नाही, मी चार हातांनी करून पाहिलंय, तरी सुटलं. वरून दोन इंच रुंदीची रिबन फिरवली की रबर झाकले जातात. रिबनचं टोक रिबनलाच चिकटवायचं, डायपरला नाही.

टाचण्या, स्टेपल, गरम गोंद यांतलं काहीही वापरायचं नाही. ही गोष्ट उद्या बाळाच्या अंगाला लागणार आहे आणि रात्री अर्धवट झोपेत आई-बाबा ती उलगडणार आहेत. एक टाचणी आत राहिली तर काय, याचा विचार करा. मणी, छोटी बटणं, सुटणारे डोळे असलेली खेळणीही नकोत. हात धुऊन, स्वच्छ चादरीवर बसून करा. अत्तर किंवा सुवासिक काही शिंपडू नका. तयार झाला की पारदर्शक कागदात गुंडाळून ठेवा, नाहीतर धूळ बसते.

माप निवडताना अगदी नवजात बाळाचं घेऊ नका. मोह होतो, कारण ते डायपर इवलेसे आणि फारच गोड दिसतात. पण बाळाचं वजन साधारण पाचेक महिन्यांत जन्माच्या दुप्पट होतं आणि सर्वांत लहान माप बघता बघता अपुरं पडतं. त्याच्या पुढचं माप घ्या. पाकिटावर वजनाचा आकडा छापलेला असतो, तो तुकडा कापून नळीत सरकवून ठेवा. नाहीतर डायपर कोणत्या मापाचे आहेत हे नंतर कुणालाच कळत नाही. आणि मैत्रिणीला आधी आडून आडून विचारा, ती कापडी लंगोट वापरणार असेल तर ह्याच पद्धतीनं छोटे टॉवेल आणि दुपटी गुंडाळता येतात.

आता खायचा केक. माझा नियम आहे: एका केकमध्ये एकच नवी गोष्ट. तुम्हाला स्पंज येतो, तर ह्या वेळी फक्त क्रीम शिका. फॉन्डंटच्या (साखरेच्या मऊ कणकेच्या) बाहुल्या, दोन मजले, आरशासारखं चकचकीत ग्लेझ, सगळं पुढच्या वाढदिवसांना. भाची सहा-सात वर्षांचीही होणारच आहे.

सहा इंची टिन घ्या. आठ इंची आणि सहा इंची यांत दोनच इंचांचा फरक वाटतो, पण वर्ग करून बघा, ६४ आणि ३६. आठ इंची केकला जवळजवळ पावणेदोन पट मिश्रण लागतं आणि वरचा पृष्ठभागही तितकाच जास्त गुळगुळीत करावा लागतो. उंच केक छोटा असला तरी दिसतो झोकात.

स्पंज आदल्या दिवशीच बेक करा. टिनमध्ये दहा मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार आणि नंतर प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. ही पायरी मी पहिल्या वेळी गाळली होती. वरून हात लावून पाहिला, गार लागला, मग कापला. आतून वाफ आली. तरी मी क्रीम लावलं, कारण पाहुणे यायला दीड तास होता. दहा मिनिटांत मधलं क्रीम पातळ झालं आणि वरचा थर, अगदी सावकाश, दार सरकावं तसा डावीकडे सरकला. मी तो हातानं धरून उभी राहिले. किती वेळ, ते आठवत नाही, पण दारावरची घंटा मला दुसऱ्या कुणाला उघडायला सांगावी लागली.

गार स्पंजचा दुसरा फायदा म्हणजे तो कापताना चुरा कमी होतो. वरचा फुगवटा दातेरी सुरीनं काढून टाका. तीन थर करा. टिनच्या तळाकडचा थर उलटा करून सर्वांत वर ठेवा, म्हणजे त्याची सपाट बाजू वर येते. साखर आणि पाणी समप्रमाणात उकळून गार केलेला पाक ब्रशनं लावा, ओतू नका. मध्ये जॅम किंवा फळं घालायची असतील तर थराच्या कडेनं आधी क्रीमचा बांध घाला आणि आत भरा. बांध नसला की जॅम बाजूनं डोकावतो आणि वरचं सगळं लेपन लाल होऊन जातं.

क्रीमवर जरा थांबते, कारण नव्वद टक्के रडारड इथेच होते. दुधाचं क्रीम फेटायचं तर त्यात किमान ३० टक्के स्निग्धांश लागतो, ३५ असेल तर अजून बरं. क्रीम, भांडं आणि बीटरच्या काड्या तिन्ही फ्रीजमधून काढलेल्या, थंडगार हव्यात. स्निग्धांशाचे कण थंड असतील तरच एकमेकांना धरून हवा कोंडतात. कोमट झाले की हवा निसटते. बिगरदुधाचं व्हिपिंग क्रीम गोठलेलं मिळतं. ते फ्रीजमध्येच हळूहळू सुटू द्या, बर्फाचे खडे असताना फेटायला घेऊ नका. मी सहा इंची, तीन थरांच्या केकला साधारण ३०० ग्रॅम न फेटलेलं क्रीम घेते.

फेटताना डोळे भांड्यावर ठेवा. आधी बुडबुडे येतात, मग क्रीम दाटतं आणि काड्यांच्या मागे रेषा उमटायला लागतात. रेषा विरत असतील तर अजून वेळ आहे. विरायच्या थांबल्या की वेग कमी करा. बीटर उचलल्यावर टोक येऊन चोचीसारखं वाकलं, तर हे क्रीम केकला लावायला उत्तम. फुलं काढायची असतील तर टोक ताठ उभं राहायला हवं. शेवटचे पंधरा-वीस सेकंद मी मशीन बंद करून हातानंच फेटते, कारण ताठ टोक आणि फाटलेलं क्रीम यांत तेवढंच अंतर असतं. दुधाचं क्रीम रवाळ दिसायला लागलं तर घाबरू नका. दोन-तीन चमचे थंड, न फेटलेलं क्रीम घालून हातानं हलकेच मिसळा, बहुतेक वेळा सावरतं. त्याच्या पुढे गेलं तर मात्र लोणी झालं म्हणून समजा.

पहिला हात पातळ द्या, आतला स्पंज दिसला तरी चालेल. ह्याला क्रम्ब कोट म्हणतात. सगळा चुरा ह्या थरात अडकतो. मग अर्धा तास फ्रीज. नंतर दुसरा, जाड हात. गुळगुळीत करताना स्क्रेपर (क्रीम सपाट करायची पट्टी) एका जागी स्थिर धरायचा आणि टर्नटेबल, म्हणजे केकखालचं फिरतं स्टँड, फिरवायचं. नवशिके नेमकं उलटं करतात, केक स्थिर आणि हात भोवती फिरतोय. टर्नटेबल नसेल तर गुळगुळीतपणाचा नाद सोडा आणि चमच्याच्या मागच्या बाजूनं लाटा काढा. त्या मुद्दाम काढल्यासारख्या दिसतात, हेच त्यांचं सौंदर्य.

रंग जेलचा घ्या, पाण्यासारखा पातळ रंग क्रीम ढिलं करतो. काडीच्या टोकावर घेऊन सुरुवात करा आणि हवा त्यापेक्षा फिकाच ठेवा, काही तासांत तो आपोआप गडद होतो. भाचीनं काळा किंवा लालभडक केक मागितला असेल तर तिला गुलाबीवर पटवा. त्या गडदपणासाठी इतका रंग ओतावा लागतो की चव कडवटते आणि सगळ्यांचे दात रंगतात.

फुलांसाठी नोझल (क्रीमच्या बॅगेला लावायचं टोक) एकच घ्या, मोठ्या उघड्या चांदणीचं. मध्यातून सुरू करून भोवती एक फेरा मारला की गुलाब, दाबून सोडलं की चांदणी. ताटाच्या पाठीवर सराव करा, क्रीम पुन्हा बॅगेत भरता येतं. काठानं आठ-दहा गुलाब काढले की केक झाला. इथे थांबता येणं हीच खरी परीक्षा.

नावाबद्दल मात्र सविस्तर सांगते. केक सजवायचे बहुतेक धडे रोमन लिपी धरून दिलेले असतात आणि देवनागरी त्यात बसत नाही. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ सहा इंचांवर मावत नाही, आणि मावलं तरी ‘च्छ’चा क्रीममध्ये गोळा होतो. फक्त नाव लिहा. आधी काडीनं हलकंसं कोरून घ्या, मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे, म्हणजे शेवटची अक्षरं काठावर चेंगरत नाहीत. (माझ्या पहिल्या केकवर शेवटचा काना बाजूच्या भिंतीवर उतरला होता.) मग बारीक गोल नोझलनं अक्षरं भरा, पण शिरोरेषेशिवाय. शिरोरेषा शेवटी, एका दमात, डावीकडून उजवीकडे. अंतरातली छोटी चूक ती झाकून टाकते. वेलांट्या, मात्रा, रफार त्यानंतर. हात थरथरत असेल तर कागदावर नाव छापून वर बटर पेपर ठेवा, वितळलेल्या चॉकलेटनं गिरवा, फ्रीजमध्ये घट्ट करा आणि अख्खं नाव उचलून केकवर ठेवा. चुकलं तर खाऊन टाका, दुसरं करा.

चमकणारी सोनेरी पावडर वापरायची असेल तर डबीवर ‘एडिबल’ लिहिलंय आणि घटकांची यादी आहे, हे बघा. ‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे खाण्यायोग्य नव्हे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली वाढदिवसाच्या केकवरच्या अशाच सोनेरी पावडरीमुळे सहा मुलं आजारी पडली. ती पावडर तांब्याची होती. खऱ्या फुलांचंही तसंच. कण्हेरीसारखी फुलं विषारी असतात, ती केकच्या आसपासही नकोत.

न्यायच्या वेळेपर्यंत केक फ्रीजमध्ये ठेवा. गाडीत तो मांडीवर धरू नका, मांडी सपाट नसते आणि गरमही असते. सीटसमोरची सपाट जागा, खोक्याखाली न घसरणारं कापड, बस.

डायपर केकचं एक राहिलंच. देताना सांगा की वापरायला सुरुवात वरच्या मजल्यापासून करायची. मी सांगितलं नव्हतं. बाळाच्या बाबांनी रात्री अडीच वाजता अंधारात, हाताला लागला म्हणून खालच्या मजल्यातला एक ओढला. सकाळी मला फोटो आला: जमिनीवर पसरलेल्या साठेक वळकट्या, मध्ये उभी पुठ्ठ्याची नळी आणि शेजारी शांत झोपलेलं बाळ.