‘पीसफुल’ निवडूनही मार का बसतो?

प्रश्न : मुलगा मित्रांसोबत माइनक्राफ्ट हा संगणकीय खेळ खेळतो. त्यातील ‘पीसफुल’ ही शांततेची पातळी निवडूनही सोबतीच त्याला मारून सामान पळवतात, असे का? — एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ‘पीसफुल’मुळे बहुतेक हल्लेखोर राक्षस नाहीसे होतात, पण खेळाडूंचे आपसांतील हल्ले रोखण्याची सोय वेगळी असून ती खेळातले ते जग चालवणाऱ्याच्या हाती असते, म्हणून ते चालवणारा जो मित्र असेल, प्रथम त्याच्याशी बोलावे. तंटा जुनाच आहे. १९९७ सालच्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या खेळात खेळाडूंची वाटमारी इतकी बोकाळली की २००० साली निर्मात्यांनी त्याच जगाची दुसरी प्रत काढून तेथे संमतीवाचून होणारे हल्ले बंद केले. लढाईला आमचा विरोध नाही. परंतु कुस्तीच्या आखाड्यात दोघेही लंगोट कसून उतरतात, वाटसरूला कोणी धोबीपछाड घालत नाही. मेल्यावरही सामान जवळच राहावे, अशी सोयही त्या मित्राला सुरू करता येईल.