पोलीस ठाण्यात इंटर्नशिप करायची म्हणतेस तर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा अर्जाचा मसुदा नीट वाचला. "लहानपणापासून मला खाकी वर्दीचे आकर्षण आहे" हे पहिलं वाक्य काढून टाक. साहेबांच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक अर्जांत ते असतं आणि त्यातून अर्जदाराबद्दल काहीच कळत नाही. तुझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते तू शेवटच्या ओळीत, तेही छंदांच्या रांगेत टाकलंस: अहिराणी घरची, आणि बापूंची नोकरी धडगावकडच्या आश्रमशाळेत असल्यामुळे पावरी, म्हणजे तिथल्या पावरा आदिवासींची बोली, चांगली बोलता येते. अगं, नंदुरबार जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्याला तुझ्याकडून हवं असेल तर हेच हवं आहे. ते वर घे.

का, ते सांगतो. दिवाळी उलटली की डोंगरातली माणसं टोळ्यांनी गुजरातेत ऊसतोडीला जातात. मग कधीतरी एखादी माय ठाण्याची पायरी चढते. पोरगी टोळीबरोबर गेली होती, टोळी परत आली, पोरगी आली नाही. ठाणे अंमलदाराला मराठी येतं, बाईला पावरी. तो विचारतो, तारीख कोणती, किती वाजता. ती सांगते, बाजाराचा दिवस होता, गुरं घरी आली होती. तो कागदावर लिहितो, "सायंकाळी ६ वाजेच्या सुमारास". तो आळशी नसतो, त्याला तेवढंच कळलेलं असतं. पण कोणत्या गावचा बाजार, म्हणजे वार कोणता, मुकादम कुठला, उचल म्हणजे आगाऊ रक्कम कोणी घेतली होती, गाडीची पासिंग कुठली, हे सगळं त्या एका ओळीत बुडून जातं. शेजारी बसून "काय झालं, माय?" एवढं तिच्या बोलीत विचारणारं कोणी असेल तर तपासाला धागा मिळतो.

वयाचंही तसंच. हरवलेली मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर नुसती मिसिंग नोंदवून भागत नाही, अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागतो. आईला जन्मसाल ठाऊक नसतं. पण कोणत्या आश्रमशाळेत होती, कितवीत असताना शाळा सोडली, दाखला कोणाकडे मिळेल, हे विचारायचं तुला बरोबर सुचेल. जबाब नोंदवणं हे पोलिसांचं काम, ते तू करायचं नाहीस. अधिकाऱ्यानं सांगितलं तर दुभाषी म्हणून बसायचं. अर्जात एवढंच लिही, साध्या शब्दांत. फिर्याद जशी लिहितात तसा अर्ज लिहावा: कोण, कुठली, काय येतं, किती दिवस देऊ शकते. विशेषणं नकोत.

आता वाटा. केंद्राच्या गृह आणि युवक व्यवहार मंत्रालयांनी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी "स्टुडंट पोलीस एक्सपीरिएन्शियल लर्निंग" हा कार्यक्रम काढला. नोंदणी "माय भारत" पोर्टलवर होते आणि ३० दिवसांत १२० तास ठाण्यात काढायचे असतात. आपल्या जिल्ह्यात जागा दिसली तर तिथूनच जा, सगळ्यांत सरळ वाट ती. नाहीतर जुनी रीत आहेच: मा. पोलीस अधीक्षक सो., नंदुरबार यांच्या नावे अर्ज, प्राचार्यांमार्फत, सोबत कॉलेजचं पत्र. दिल्लीतही पोलीस संशोधन व विकास ब्युरो किंवा सीबीआयसारख्या यंत्रणा इंटर्नशिपच्या सूचना आपापल्या संकेतस्थळावर काढतात. त्याही कर, पण पहिल्या खेपेला आपला जिल्हा सोडू नको असं माझं मत आहे. दिल्लीत तू अहवाल वाचशील, इथे माणसं ऐकशील.

तुझ्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते. ठाण्यातले दिवस त्यात धरणार का, हे कॉलेजकडून आधी लेखी घे. नंतर भांडत बसायला नको. पोलीस भरतीत या प्रमाणपत्राचे गुण मिळत नाहीत, तिथे मैदान आणि लेखी परीक्षाच. तुझ्या मैत्रिणी पहाटे रस्त्यावर धावतात त्यांनाही हे सांग, म्हणजे कोणी चुकीच्या आशेनं यायला नको.

अर्ज देताना दोन प्रती ने. आवक शाखेत एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. तो क्रमांक नसेल तर आठ दिवसांनी तू "साहेब, माझा अर्ज" म्हणत टेबलामागून टेबल फिरशील आणि प्रत्येक जण पुढचं टेबल दाखवेल. क्रमांक असेल तर अर्ज कुठे अडलाय ते कारकून लगेच सांगतो. आणि वेळ बघून जा. गणपती, नवरात्र, निवडणूक, सारंगखेड्याची यात्रा या दिवसांत अख्खं ठाणं बंदोबस्ताला असतं, तुला शिकवायला कोणी रिकामा नसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अर्ज करायचा तर फेब्रुवारीतच टाक.

भेटायला बोलावलं तर कायद्यावर एखादा प्रश्न येईलच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच भारतीय दंड विधानाखाली (भादंवि) चालू आहेत. त्यामुळे ठाण्यात दोन्ही भाषा चालतात. जुना हवालदार खुनाला ३०२ म्हणेल, नवी पोरगी १०३. फसवणुकीला कोणी ४२० म्हणेल, कोणी ३१८. प्रथम खबर (एफआयआर) पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ खाली. या जोड्या पाठ कर. झिरो एफआयआर नीट समजून घे: गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून फिर्यादीला परत पाठवता येत नाही. आपल्या भागात, जिथे एका बाजूला गुजरात आणि दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, तिथे हद्दीचा प्रश्न नेहमी उभा राहतो, आणि त्यात हेलपाटे खातो तो गरीबच. शिवाय तुझ्या गावाचं ठाणं कोणतं, हद्दीत कोणते गुन्हे जास्त, हे तुला यायला हवं. शेतातल्या पाण्याच्या मोटारी आणि तांब्याच्या केबलची चोरी, नवापूरकडून गुजरातेत जाणारी दारू, आणि आता घराघरात आलेली ऑनलाइन फसवणूक. १९३० हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर गावात किती जणांना माहीत आहे, तेवढं जरी विचारून गेलीस तरी तुझं बोलणं वेगळं ठरेल.

एक धोका स्पष्ट सांगतो. तालुक्याच्या गावी फी घेऊन ओळखपत्र वाटणारे लोक आहेत. नावात "क्राइम", "मानवाधिकार", "भ्रष्टाचारविरोधी" असले शब्द, वर सरकारी वाटेल असा शिक्का, आणि "आमच्याकडे इंटर्नशिप करा, पोलीस सलाम करतील" असं आश्वासन. अशांच्या जवळ जाऊ नको. विद्यार्थ्याला ठाण्यात बसू देण्यासाठी सरकारी यंत्रणा पैसे मागत नाही. आणि पोलीस नसताना पोलीस असल्याचं भासवणं हा स्वतःच गुन्हा आहे. उद्या तू वकील झालीस तरी तसल्या कार्डाचा डाग निघणार नाही.

आत गेल्यावरची एक गोष्ट तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून लक्ष देऊन वाच. पंचनाम्याला माणूस मिळत नसतो. पंच म्हणून उभं राहायला लोक घाबरतात, कारण पुढे कोर्टात साक्षीला यावं लागतं. अशा घाईत कोणीतरी तुझ्यापुढे कागद सरकवेल, "ताई, इथं तेवढी सही करा." करायची नाही. नम्रपणे सांग की मी इथे शिकायला आले आहे, कॉलेजची परवानगी नाही. यात तुझी गैरसोय ही छोटी बाब आहे. मोठी बाब अशी की खटला उभा राहिल्यावर आरोपीचा वकील पहिल्याच प्रश्नात विचारेल, "तुम्ही त्या ठाण्यातच काम करत होता ना?" आणि स्वतंत्र पंच म्हणून तुझी किंमत तिथेच संपेल. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं बंधनकारक झालंय, तरी पंचाची गरज गेलेली नाही. तुझ्या चांगुलपणामुळे एखादी खरी केस ढिली पडू नये.

मोबाइल पिशवीत ठेव. ठाण्याच्या पाटीसमोर फोटो नको, स्टेटस नको. अत्याचार झालेल्या बाईचं किंवा मुलाचं नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही. शहाद्यात गोष्ट फिरायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे.

आणि डोळ्यांसमोर काही वावगं घडलं तर? मी शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. खात्यावर माझं प्रेम आहे, म्हणूनच सांगतो: डोळे मिटू नको. जाण्याआधी अटक आणि कोठडीबद्दलचा, डी. के. बसू खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल वाच. अटकेची खबर नातेवाइकांना द्यायची, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं, हे जिथे पाळलं जातं ते ठाणं कसं चालतं ते पाहा. पाळलं जात नसेल तर लपून चित्रीकरण करू नको, तिथे वादही घालू नको. तारीख-वेळेसह वहीत टिपून त्याच दिवशी प्राचार्यांना सांग, आणि मलाही. चांगले अधिकारीही असं कानावर यावं म्हणूनच विद्यार्थ्यांना आत घेतात.

बापू नाही म्हणतील याची तुला भीती आहे. "ठाणं काय पोरींची जागा आहे?" असं ते म्हणतीलच. त्यांना सांग की अत्याचारग्रस्त बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची असा कायदा आहे, म्हणून ठाण्याला बायांची गरज आहे. तुझ्या वेळा त्यांना लिहून दे, अंधाराआधीची बस ठरव. तरीही मानले नाहीत तर मी शहाद्याला येऊन बोलतो.

नकार आला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज कर. विधीचे विद्यार्थी तिथे चालतात, आणि तुरुंग, ठाणं, कोर्ट या तिन्हींचा संबंध येतो. तुझ्या पावरीचा तिथेही तेवढाच उपयोग होईल.

सुधारलेला अर्ज मराठीतच लिहून पाठव. एका पानाच्या आत बसव.

तुझा,
काका