सामाजिक शास्त्रांसाठी कर्ज काढताना

समाजशास्त्र शिकावं की नाही, हा प्रश्न बाजूला ठेव. किती कर्ज काढून शिकावं, ते आधी ठरव.

एक हिशेब करून बघ. कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराएवढं, व्याज 10 टक्के आणि मुदत 10 वर्षं असेल, तर मासिक हप्ता पगाराच्या साधारण 16 टक्के बसतो. कर्ज दुप्पट असेल तर 32 टक्के, म्हणजे घरभाडं देऊन हातात फारसं काही उरत नाही. शिकत असताना व्याज थांबत नसेल, तर तेही मुद्दलात चढतं. 10 टक्क्यांनी 3 वर्षांत 100 चे 133 होतात! बँकेला हे नेमकं विचार, आणि जमलं तर शिकतानाच व्याज भरत जा.

पगाराचा अंदाज घेताना सरासरीवर जाऊ नकोस. दोन-चार गलेलठ्ठ पगार सरासरी फुगवतात. त्याच विभागातून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच-सहा जणांना गाठून सरळ विचार, आज काय करता, किती मिळतात?

मानसशास्त्र घेणार असशील तर समुपदेशनासाठी बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण लागतं. तो खर्च आजच धर.

आणि संख्याशास्त्र टाळू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. प्रश्नावली नीट बांधता येणं, आकडेवारी आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासता येणं, याला संशोधन संस्थांपासून बाजार सर्वेक्षणापर्यंत मागणी असते. फी कमी असलेल्या सरकारी विद्यापीठातही हे शिकता येतं.