“देवानं मला माफ केलं, पण ही करत नाही!”

“हे येशू प्रभूच्या विश्वासात आले, दारू सुटली. आता सगळे म्हणतात, मागचं विसर. पण मला विसरता येत नाही. माझाच विश्वास कमी पडतोय का?”

हा प्रश्न मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलाय, की पहिल्या वाक्यालाच पुढचं कळतं. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून माझ्याकडे समुपदेशनासाठी बरेच जण येतात. नवऱ्याच्या दारूनं खचलेल्या बाईची सगळ्यांना कीव येते. नवरा सुधारल्यावर खचणाऱ्या बाईला मात्र दोष दिला जातो. अशाच एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ताई अंगणवाडीत कामाला, नवरा टेम्पोवर. एका उपवास-प्रार्थनेत तो ढसाढसा रडला आणि त्या रात्रीपासून बाटलीला शिवला नाही. पहाटे उठून बायबल वाचणं, रविवारची भक्ती न चुकवणं, सगळं सुरू झालं. हे खरं होतं. अनेकांच्या आयुष्यात असं घडताना मी पाहिलंय, आणि त्याला ‘नाटक’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. तरीही घरात धुसफूस वाढली, तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनीच दोघांना माझ्याकडे धाडलं.

“मॅडम, देवानं मला माफ केलं, पण ही करत नाही,” त्यानं आल्या आल्या तक्रार मांडली.

“पतसंस्थेचं कर्ज तुम्ही देवाच्या नावावर काढलं होतं का?”

ताईंना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडाला लावला. कर्ज त्यांच्या नावावर होतं आणि हप्ता त्यांच्या मानधनातून जात होता.

तो चिडला. “जुने ते होऊन गेले, असं वचन आहे.”

“आहे ना. तुम्ही नवे झालात. पण या बाईंचा हप्ता जुनाच आहे.”

पुढच्या काही भेटी अशाच चकमकींत गेल्या. गाठ सुटली ती ताई सहज काहीतरी बोलून गेल्या त्यातून. “देवानं आपल्याला कसं बदललं, याची साक्ष हे चर्चमध्ये फार छान देतात. लोक हालेलुया म्हणतात. मी बायकांच्या रांगेत बसून ऐकते, आणि मला वाटतं, या गोष्टीत मी कुठंय?”

मी त्याला साक्ष माझ्यासमोर द्यायला सांगितली. तो उभाच राहिला, सवयीनं. मी पापी होतो, सैतानानं मला जखडलं होतं, प्रभूनं उचललं. तीन-चार मिनिटांत संपलं. खरंच छान होतं.

“आता हीच साक्ष बसून द्या. सैतानाचं नाव घ्यायचं नाही. जे जे केलंत ते कुणाला केलंत, त्याचं नाव घ्यायचं, आणि जिथं पैसे असतील तिथं आकडा सांगायचा.” ही रीत मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही, आणि तिचं मला थोडं कौतुकही आहे.

तो बसला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “पोरीच्या दहावीच्या क्लासचे पैसे. साडेआठ हजार. डब्यातून घेतले.”

“अकरा,” ताई म्हणाल्या. “साडेआठ डब्यातले. अडीच तिच्या मामानं दिलेले.”

मला वाटलं, आता तो वाद घालणार. त्यानं खिशातून टेम्पोच्या भाड्याची वही काढली, एक कोरं पान उघडलं आणि म्हणाला, “तू सांग. मी लिहितो.”

ताई सांगत गेल्या. पैसे, गहाण टाकलेली मोहनमाळ, नाताळच्या रात्री दाराला कडी लावून बसलेली पोरगी. तिथं आकडा नव्हता. तिथं तो पेन धरून नुसताच बसला, आणि मग त्यानं फक्त मुलीचं नाव लिहिलं.

त्या दिवशी ताई पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. त्यांना नवऱ्याची माफी नको होती, साक्षीदार हवा होता. क्षमा एका क्षणात होऊ शकते, पण भरवसा बसायला वेळ लागतो. आपण या दोहोंची गल्लत करतो आणि भुर्दंड बाईवर टाकतो.

बायबलमधल्या जक्कय जकातदाराची गोष्ट रविवारच्या शाळेपासून आपल्याला पाठ आहे. येशू घरी आला म्हणून तो नुसता आनंदला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, असा हिशोबच त्यानं मांडला. ‘आज या घराला तारण मिळालं’ हे शब्द त्या हिशोबानंतर येतात. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांना एकत्र आणणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मुळंही एका ख्रिस्ती चळवळीत होती. त्यांच्या बारा पायऱ्यांमधल्या आठवी आणि नववी याच कामाच्या आहेत: ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची, आणि त्यांना आणखी इजा होणार नसेल तिथं भरपाई करायची.

बायकांना मी सांगते, विश्वासातली तुमची वाटचाल तुमचीच. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं त्या स्वतःच्या पायांनी चालल्या. पैशांचा व्यवहार आपल्या हाती ठेवला म्हणजे क्षमा केली नाही, असं होत नाही. आणि मारहाण पुन्हा सुरू झाली, तर सहन करणं हा विश्वासाचा भाग नाही; आधी सुरक्षित जागी जा.

नवऱ्यांना दोन गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्यानं प्रार्थनेच्या जोरावर अचानक दारू तोडली तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरकडे जा, औषध घेतल्यानं देवाचा अपमान होत नाही. दुसरं, तल्लफ आली म्हणजे विश्वास गेला असं समजून लपवू नका. त्याच दिवशी घरात आणि पाळकांना सांगा. लपवलेली तल्लफ फार लवकर बाटलीपर्यंत पोचते.

पतसंस्थेचा हप्ता आता त्याच्या भाड्यातून जातो. मोहनमाळ सोडवायची बाकी आहे. मुलगी वडिलांशी कामापुरतंच बोलते, आणि तिला घाई करू नका, असं मी दोघांनाही बजावलंय. पाळकसाहेबांनी मध्यंतरी त्याला पुन्हा साक्ष द्यायला बोलावलं, तेव्हा त्यानं आधी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी बघू.”