फ्लॉपी ड्राइव्ह नाही? बायोस सीडीवरून अपडेट कर

जुन्या कॉम्प्युटरचं बायोस (सुरू होताना मदरबोर्डवर चालणारा मूळ प्रोग्रॅम) फ्लॉपीवरून अपडेट करायला सांगतात, पण एवढ्यासाठी फ्लॉपी ड्राइव्ह विकत आणायच्या भानगडीत पडू नकोस. १९९५ पासून सीडीवरून कॉम्प्युटर सुरू (बूट) करण्याचं ‘एल टोरिटो’ नावाचं मानक आहे. त्यामुळे सीडीवरची १.४४ एमबीची फ्लॉपी इमेज (अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधली नक्कल) बायोसला खरीखुरी फ्लॉपी वाटते आणि बूट झाल्यावर ‘ए’ ड्राइव्ह म्हणून दिसते.

विंडोज ९८ च्या बूट फ्लॉपीची इमेज घे, नको त्या फाइली उडव आणि फ्लॅश प्रोग्रॅम (बायोस चिपवर लिहिणारा) व रॉम फाइल (नवं बायोस) त्या इमेजमध्येच टाक. सीडीवर वेगळ्या ठेवल्यास तर डॉसला (या फ्लॉपीवरून सुरू होणारी जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) त्या वाचायला सीडीचा ड्रायव्हर लागतो, नसती डोकेदुखी. जागा कमी पडली तर २.८८ एमबीची इमेज कर.

बर्न करताना ‘बूटेबल सीडी’ हाच पर्याय निवडून ही इमेज दाखव. नवखे इथेच फसतात: इमेज साध्या फाइलसारखी सीडीवर ओढून टाकतात, मग सीडी बूट होत नाही म्हणून बोंबलतात.

फ्लॅश प्रोग्रॅम जुन्या बायोसची प्रत ‘ए’ वर ठेवू का विचारेल. नाही म्हण, सीडीवर लिहिता येत नाही. जुनी आवृत्ती आधीच उतरवून ठेव. आणि यूपीएस नसेल तर लाइट जायच्या वेळेत हे काम काढूच नकोस, अपडेट अर्धवट राहिलं तर मदरबोर्ड जाईल.