रानातले प्रश्न : टर्कीच्या मागे जाऊ नये

प्रश्न : काकू, मी डोंबिवलीचा. सध्या अमेरिकेत मिझुरी राज्यात एम.एस. करतोय. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलाचं गावाकडे शेत आणि रान आहे. एप्रिलमध्ये जंगली टर्की या कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याच्या शिकारीला चल म्हणून तो मागे लागलाय. मी आजवर बंदूक हातात धरलेली नाही. तुम्ही त्याच राज्यात बरीच वर्षं राहून ही शिकार केली आहे, म्हणून विचारतो. नवखी माणसं कुठे चुकतात? – अ. कु.

उत्तर : जरूर जा. मात्र बंदुकीच्या आधी कागद. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. तिथल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल, तर त्यातून सूट मिळते. म्हणून ‘आज नेम धरून बघ, परवाना उद्या काढू’ असं मित्र कितीही प्रेमाने म्हणाला तरी ऐकायचं नाही. परवाना काढण्याआधी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयालाही विचार. सुरक्षेचा अभ्यासक्रम असतो, तो मन लावून कर. हंगामाचे नियम दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका वाच.

आता पक्ष्याकडे येऊ. वसंतात नर पहाटेपासून ‘गॉबल गॉबल’ अशी साद घालतो आणि माद्या चालत त्याच्याकडे जातात. त्यांच्यात अशीच रीत आहे. शिकारी काय करतो, तर झाडाला टेकून मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे यावं अशी आशा धरतो. म्हणजे उलटी गंगा. एवढं डोक्यात पक्कं असलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फार बोलणं. नराने साद दिली की नवख्याला राहवत नाही, तो प्रत्येक सादेला उत्तर देतो. नराला वाटतं, ही एवढी आतुर आहे तर येईलच आपल्याकडे. मग तो साठ-सत्तर यार्डांवर थांबतो, पिसारा फुलवतो आणि तिची वाट बघत बसतो. तिथून तो पुढे सरकत नाही. त्यापेक्षा दोन-तीन हळू ‘येल्प’ (मादीची साद) द्यावेत, एखादा ‘क्लक’ (तिचा तुटक आवाज) द्यावा आणि गप्प बसावं. गप्प झालेल्या मादीला शोधायला तो येतो. आमच्या शेजारचे म्हातारे शेतकरी बॉक्स कॉल, म्हणजे मादीचा आवाज काढायची लाकडी डबी, एकदा वाजवला की त्याला रबर बँड लावून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत, पुन्हा काढायला त्रास पडावा म्हणून. मला त्यांची ती शिस्त फार आवडे. तूही बॉक्स कॉलच घे. तोंडात धरून आवाज काढायच्या पडद्याला बराच सराव लागतो.

तो येतो तेव्हा पुष्कळदा आवाज न करता येतो. म्हणून दुसरी चूक : साद बंद झाली की ‘गेला वाटतं’ म्हणून उठणं. नेमका तेव्हाच पाठीमागे पंख फडफडतात आणि सकाळ वाया जाते. नऊ-दहा वाजेपर्यंत माद्या अंडी घालायला घरट्यांकडे जातात आणि नर एकटा पडतो. त्या वेळी बरेच शिकारी नाश्त्याला परतलेले असतात. माझ्या मते बसायला त्यासारखी चांगली वेळ नाही.

टर्की रात्री झाडावर असते. संध्याकाळी तिचा रातथारा कुठल्या बाजूला आहे ते लांबून ऐकून ठेव. पहाटे अंधारात त्या झाडाखाली जाऊन बसण्याचा मोह होतो, तो टाळ. वरून तिला तुझी सगळी हालचाल दिसते. शंभरेक मीटर अलीकडे, उंचवट्याच्या आड बस. तुझ्या आणि तिच्यामध्ये ओढा, तारेचं कुंपण किंवा मोठी घळ नसावी. उडता येत असूनही अशा अडथळ्याशी ती हटकून थबकते.

हरणाच्या शिकारीत वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते. टर्कीला वासाचं विशेष नाही, पण नजर भयंकर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, रंग उत्तम दिसतात, मान जराशी फिरवली की चहूकडचं टिपते. डास चावला तरी हात हलवू नये. चेहरा आणि हात झाकलेले हवेत. बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवून ठेवावी. हलायचंच असेल तर तिचं डोकं एखाद्या बुंध्याआड गेलेलं असताना.

लांबून बार काढू नये. बहुतेक शॉटगनना चाळीस यार्ड, म्हणजे छत्तीस मीटर, ही वरची मर्यादा समज. त्याच बंदुकीतून तीच काडतुसं आधी कागदावर झाडून छर्रे किती पसरतात ते बघितलं नसेल, तर तुझी मर्यादा आणखी कमी. नेम डोकं आणि मान यांवर. पिसारा फुलवलेला असताना मान आखडलेली असते, तेव्हा थांब. एक ‘क्लक’ दिला की तो डोकं वर काढतो. जखमी पक्षी रानात जाऊन तळमळत मरतो. ज्याला थांबता येत नाही त्याने बंदूक घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मिझुरीत वसंतात फक्त नर किंवा छातीवर ‘दाढी’, म्हणजे केसांसारखा लोंबता झुपका दिसणारी टर्की मारता येते. दाढी किंवा नराचं लाल-पांढरं-निळं डोकं नीट दिसल्याशिवाय चापाजवळ बोट नेऊ नकोस.

आता जे सांगते ते बाकी सगळं विसरलास तरी विसरू नकोस. तू झुडपांत मिसळून जाणारे कपडे घालून टर्कीचा आवाज काढत बसलेला असतोस. ऐकणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याच्या लेखी तू टर्कीच असतोस. म्हणून पाठीशी झाड असं हवं, की खांद्यांपेक्षा रुंद आणि डोक्यापेक्षा उंच. अंगावर लाल, पांढरं, निळं काहीही नको. पँटखालून दिसणारे पांढरे मोजेसुद्धा नकोत, खिशातला लाल रुमालसुद्धा नको. साद ऐकू आली म्हणून दबकत तिच्या मागे जायचं नाही. ती साद माणसाचीही असू शकते. कुणी शिकारी येताना दिसला तर हात हलवू नकोस, टर्कीचा आवाज तर मुळीच काढू नकोस. जागचं न हलता मोठ्याने माणसाच्या आवाजात ‘हॅलो’ म्हण. नराला भुलवायला ठेवतात ती नकली टर्की पिशवीत घालून न्यायची. मारलेला पक्षी भगव्या कापडात झाकून आणायचा.

आणखी एक. मित्राच्या शेतात आमिष म्हणून मका टाकला असेल तर तिथे बसू नकोस. मिझुरीत आमिष टाकून टर्की मारणं बेकायदा आहे आणि शेवटचा दाणा उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच धरतात.

प्रश्न : जावई पेनसिल्व्हेनियात आहेत. मित्रांच्या नादाने या शिकारीला जाऊ लागले आहेत. एक तर पक्षी मारायचे, त्यात तिथे गोचिडींचा आजार असतो म्हणे. मला बाई काळजी वाटते. – दादरच्या एक वाचक

उत्तर : गोचिडींची काळजी रास्त आहे. तिकडे त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. मिझुरीकडे ‘लोन स्टार’ जातीची गोचीड असते, तिच्या चाव्यानंतर काही माणसांना मटण-बीफची ॲलर्जी जडते. जावयांना सांगा, कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारावं (अंगावर नाही), पँट मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर काखा, गुडघ्यांमागे, केसांत तपासून बघावं.

पक्षी मारण्याबद्दल तुमचं मन काय म्हणतं ते तुमच्यापाशी. पण एक माहिती देते. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही टर्की बऱ्याच राज्यांतून नाहीशी झाली होती. १९५०च्या सुमारास मिझुरीत जेमतेम काही हजार उरली होती. खुराड्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. मग रानातलेच पक्षी जाळ्यात पकडून दुसऱ्या रानात नेऊन सोडले. मिझुरीत १९६० साली शिकारीचा हंगाम पुन्हा सुरू झाला, तोही थोड्याच भागात. या कामाला मोठा पैसा आला तो १९३७च्या कायद्यातून. बंदुका आणि काडतुसांवरचा कर त्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवला. शिकाऱ्यांच्या पैशाने परत आणलेला हा पक्षी आहे, म्हणून नियम पाळणाऱ्या शिकाऱ्याबद्दल मला आदर आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. बोरिवलीला राहतो. आमच्या नॅशनल पार्कमध्ये रानकोंबडे असतात. त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज मोबाइलवर लावून त्यांना जवळ बोलावता येईल का? फक्त फोटोसाठी. – य.

उत्तर : नको रे. शिकारीला तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे बंदीच आहे, पण आवाज लावून बोलावणंही चुकीचं. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो कोंबडा खाणंपिणं सोडून भांडायला धावतो. विणीच्या दिवसांत हे जास्तच नडतं.

वर त्या दादाला जे बसणं सांगितलंय, तेवढंच उचल. मळके कपडे, पाठीशी झाड, मोबाइल बंद, गप्प. आमच्या मुलुंडच्या बाजूचा डोंगरही त्याच उद्यानाचा, तिथे कडेला असं बसून मी रानकोंबडा पुरेसा जवळून बघितला आहे. पालापाचोळा उकरल्याचा आवाज आधी येतो. एकटा आत जाऊ नकोस, परवानगी आहे त्याच वाटांवर मोठ्यांबरोबर जा. फोर्टातल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत एकदा आईबाबांना घेऊन जा. सलीम अली लहान असताना आपण मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला याच सोसायटीत गेले होते. तू फोटो घेऊन जा.

प्रश्न : भाऊ येताना जंगली टर्कीचं मांस गोठवून आणतो म्हणतोय. रस्सा कसा करावा? – पार्ल्याहून

उत्तर : आणू देऊ नका. परवान्याशिवाय पक्ष्यांचं मांस विमानातून आपल्याकडे आणता येत नाही. तुम्हीच तिकडे जाल तेव्हा करा. छातीचं मांस पातळ कापून झटपट परतायचं, जास्त शिजलं की कोरडं होतं. तंगड्यांमध्ये कडक शिरा असतात, म्हणून तंगड्या कुकरला लावून मऊ शिजवायच्या, शिरा ओढून टाकायच्या आणि उरलेल्या मांसाचा आपल्या वाटणात रस्सा.