वाचक विचारतात : बॅटरी फुल्ल, तरी सेल्फ टक टक

प्रश्न : हर्णैला आमची लाकडी बोट आहे, बंदी लागायच्या आधी मे अखेरीला वर ओढली होती. आता १ ऑगस्टपासून मासेमारी सुरू, म्हणून इंजिन मारून बघितलं तर सेल्फ नुसता टक टक करतोय. मीटरवर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. वायरमन म्हणतो बॅटरी गेली, नवी टाका. टाकू का?

उत्तर : थांबा दादा, एवढ्यात पैसे काढू नका. १२.६ हा आकडा बॅटरी निवांत बसलेली असतानाचा, त्यावरून तिच्यात दम किती ते कळत नाही. मीटर टर्मिनलला धरून ठेवा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा धाडकन ९.६ च्या खाली गेला तर वायरमनचं खरं असू शकतं, तरी आधी फुल चार्ज करून परत बघा. पण १२ च्या आसपासच राहिला तर करंट आहे हो, तो सेल्फपर्यंत पोचत नाहीये.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नको, शिशावरच), दुसरी इंजिनच्या घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर, आणि परत सेल्फ. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगमध्ये घोळ. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा बोल्ट, तिथेही हेच करा. दोन्ही ठीक असतील तर सेल्फ खोला.

माझा संशय लगवरच आहे, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या कडीवर. दोन महिने खारट दमट हवा, आत तांबं हिरवं पडतं आणि वरून टेप गुंडाळलेली, मग दिसणार कसं! टेप पाणी आतच धरून ठेवते, बोटीवर ती नकोच. लाल तांबं दिसेपर्यंत वायर कापा, नवीन लग दाबून बसवा, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी). टर्मिनल गरम पाणी नि खायच्या सोड्याने धुवा, सेलची झाकणं घट्ट लावून, आणि काढताना निगेटिव्ह आधी. व्हॅसलिन घट्ट आवळल्यावर वरून.

इंजिन चालू झालं की बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला हवेत, नाहीतर अल्टरनेटर (इंजिनवरचा बॅटरी चार्ज करणारा) बघा.

प्रश्न : नवीन एलईडी लावल्यापासून व्हीएचएफवर (बोटीच्या रेडिओवर) खरखर येते.

उत्तर : स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे आतलं करंट सांभाळणारं सर्किट. चॅनल १६ लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) उघडा, एकेक लाईट बंद करत जा, ज्याने खरखर कमी होईल तो बदला. अँटेनाजवळच्या मास्टलाईटपासून (डोलकाठीवरच्या दिव्यापासून) सुरुवात करा.